एकतिसावा नंबर

बंगळूरमध्ये रस्ता खणलेला दिसला की लोक शिव्या घालतात. आमचे चौगुले अण्णा चपला काढतात.

चपला खड्ड्याच्या काठावर शेजारी शेजारी ठेवायच्या, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घ्यायचा आणि देवळाच्या कुंडात उतरावं तशा भक्तिभावानं आत उतरायचं. आत जी काही केबल उघडी पडली असेल ती बोटांनी चाचपायची, नाकाशी न्यायची आणि काठावर जो कोणी उभा असेल, मग तो ओळखीचा असो नाहीतर वाट चुकलेला, त्याला सांगायचं, "जोड बघा जोड. केबल कधी दगा देत नाही. दगा देतोय तो जोड." अण्णांचं वय अडुसष्ट. टेलिफोन खात्यात त्यांनी जन्मभर केबलचे जोड बांधले. खात्यानं त्यांना निवृत्त केलं, खड्ड्यांनी अजून केलेलं नाही.

आता या शहरात खड्ड्यांची ददात नाही. त्यामुळं राजाजीनगरातल्या आमच्या बिल्डिंगपासून कोपऱ्यावरच्या दुधाच्या बूथपर्यंत जायला अण्णांना कधी पाच मिनिटं लागतात, कधी अख्खी सकाळ. एकदा मागच्या गल्लीत लग्नाला निघाले, रेशमी उपरणं वगैरे घालून. तिकडं अक्षता पडल्या, पहिली पंगत उठली, दुसरी बसली, अण्णांचा पत्ता नाही. शेवटी त्यांच्या पत्नी शांताक्का हात धुऊन शोधायला निघाल्या. तिसऱ्या खड्ड्यात सापडले. खणणाऱ्या माणसांना हे रेशमी उपरण्यातले गृहस्थ कोणी मोठे अधिकारी वाटले होते. त्यांनी भीतीनं खड्डा आणखी चार फूट खोल नेला होता, आणि अण्णांना वर काढायला मांडवातनं शिडी न्यावी लागली. शिडी मी स्वतः धरली होती म्हणून सांगतो. शिडी तेवढी खरी, खोलीत फूट-दोन फूट इकडंतिकडं होईल.

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. मी या माणसावर जळतो.

मी हेब्बाळच्या एका मोठ्या कंपनीत नेटवर्कचं काम करतो. माझ्या हुद्द्याचं नाव एका दमात म्हणता येत नाही, मध्ये श्वास घ्यावा लागतो. तीन खंडांतली माणसं इंटरनेट बंद पडलं की मला उठवतात. पण आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं वायफाय बंद पडलं, तर लोक तळमजल्यावर अण्णांकडं धावतात. लोकांचं सोडा, माझी बायको धावते. "तुम्ही हात लावू नका, आहे तेही जाईल," असं मला बजावते आणि त्यांना हाक मारते. अण्णा येतात, स्टुलावर चढतात, वायर कानाला लावतात, दाताखाली धरतात, आणि ते चालू होतं. कसं होतं ते विज्ञानाला ठाऊक. मग त्यांना आल्याचा चहा मिळतो, पाहुण्यांच्या कपातनं. त्या कपाला लग्नापासून माझे ओठ लागलेले नाहीत.

बरं, एवढा मान मिळवणारा माणूस दिसतो कसा, तर कॉलर उलटवलेल्या, कोपराला ठिगळ लावलेल्या शर्टात. अण्णांकडं मोजून चार शर्ट, चारही पाव शतकापूर्वीचे. मुलगा दर दिवाळीला नवीन रेडिमेड शर्ट आणतो. अण्णा पिशवी न उघडताच म्हणतात, "अंगाला बसत नाही." शांताक्का म्हणतात, "शर्ट कसले, ठिगळांनीच एकमेकांना धरून ठेवलंय." आम्ही सगळे याला कंजूषपणा समजत होतो. मी तर ही गोष्ट मुद्दाम सगळीकडं सांगत होतो.

आता मूळ भांडणाकडं येतो. अण्णा शिरगुंडीचे आणि मी कोनगट्टीचा. ही दोन्ही गावं पार वर, सीमाभागात, मध्ये फक्त एक ओढा. कोनगट्टी मोठं. आमच्याकडं बसस्टँड आहे, हायस्कूल आहे, शुक्रवारचा बाजार आहे. शिरगुंडीकडं ओढ्याचा पलीकडचा काठ आहे. लहानपणापासून आम्ही त्या लोकांकडं वरून बघत आलो, जरी जमीन सपाट असली तरी.

अशात राज्य सरकारनं छोट्या गावांपर्यंत फायबर न्यायला निधी काढला. आमच्या टापूतनं या फेरीत एकच गाव घेणार होते. गावानं तीन गोष्टी द्यायच्या: जोडणी हवी असलेल्या तीस तरी घरांची यादी (ज्या क्रमानं नावं त्याच क्रमानं जोडण्या मिळणार), यंत्र ठेवायला एक पक्की खोली, फुकट, आणि त्या खोलीच्या सगळ्या मालकांच्या सहीचा ना हरकत दाखला. कोनगट्टीनं ही जबाबदारी माझ्यावर टाकली. मला कोणी विचारलं नव्हतं, पण मी ती टाकून घेतली. शिरगुंडीकडनं कोण उभं राहणार ते सांगायला नको.

मी बेचाळीस पानांचा इंग्रजी अहवाल केला. त्यात अकरा रंगीत वर्तुळं होती, प्रत्येक वर्तुळाचे रंगीत तुकडे, प्रत्येक तुकड्याला बाण. तो अहवाल बघून आमच्या कंपनीतल्या एका माणसानं आपल्या गावासाठी तसाच मागितला, जरी त्याचं गाव म्हणजे कोलकाता होतं. अण्णांनी रेघांच्या वहीची चार पानं कन्नडमध्ये भरली आणि बुटाच्या नाडीनं बांधून नेली.

सुनावणी इथंच बंगळूरच्या सरकारी कचेरीत झाली. अधिकारीबाईंनी माझा अहवाल हातात घेतला, वजन करून बघितलं आणि विचारलं, "खोली कुठं आहे?" मी सोसायटीचं गोडाऊन म्हणालो. त्या म्हणाल्या, किल्ली कुणाकडं? आमच्या सोसायटीत संचालक अकरा, आणि एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही, म्हणून गोडाऊनला कुलपं अकरा. सगळे एकदम हजर असतील तरच दार उघडतं. शेवटचं उघडलं तेव्हा आत मांजरीची चौथी पिढी राहत होती. बाईंनी अहवाल हळूच बाजूला ठेवला.

अण्णांनी नाडी सोडली. गावातल्या त्यांच्या घराची पुढची खोली, पक्की, वीज असलेली, रस्त्याला लागून. खाली त्यांची ठसठशीत सही. "सरी," म्हणजे ठीक आहे, असं बाई म्हणाल्या. आणि अण्णांसाठी कॉफी मागवली.

त्या कॉफीनं माझा घात केला. मला नुसतं पाणी दिलं होतं.

दोन्ही गावांतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं की ते घर एकट्या अण्णांचं नाही. उताऱ्यावर दोन नावं आहेत, अण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ रामू. रामू तिथंच राहतो, मागच्या अर्ध्यात, शिवणकाम करतो. आणि दोघं भाऊ सव्वीस वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. का, ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची गरजही वाटली नाही. मी घरी आलो, दार लावलं आणि त्या कचेरीला एक निनावी पत्र लिहिलं: जागा सामाईक असून दुसऱ्या मालकाची संमती नाही, सबब अर्ज नामंजूर व्हावा. पत्र टाकून आलो आणि अनेक दिवसांनी पोटभर जेवलो.

पाचव्या दिवशी अण्णा जिना चढून वर आले. हातात कचेरीचा कागद. आठ दिवसांत रामूची सही आणा, नाहीतर दुसऱ्या गावाचा विचार करू. दुसरं गाव म्हणजे आम्ही. मी चेहऱ्यावर जेवढं दुःख मावेल तेवढं मांडलं.

"मी गाडीनं सोडतो की तुम्हाला," मी म्हणालो. लोकांना वाटलं, काय हा शेजारधर्म. मला फक्त रामू नाही कसा म्हणतो ते डोळ्यांनी बघायचं होतं.

पहाटे निघालो. पुढं अण्णा, मागं शांताक्का आणि चिवड्याचा डबा. एरवी हा प्रवास दहा तासांचा. हायवेला जागोजाग काम चाललेलं, त्यामुळं दर खड्ड्याला "इंजिनेर, स्वल्प थांबवा" आणि अण्णा आत. मी तर म्हणतो, त्या दिवशी आमच्या गाडीला एका बैलगाडीनं मागं टाकलं, आणि बैल आमच्याकडं बघून हसला.

दावणगेरेच्या पुढं अण्णा असेच एका खड्ड्यात गेले असताना शांताक्का मागनं बोलल्या. मी विचारलं नव्हतं.

शिरगुंडीत टेलिफोन आला तेव्हाची गोष्ट. अर्ज ढीगभर आणि जोडण्या थोड्या, म्हणून यादी लागलेली. रामूचा नंबर एकतिसावा. गावाला वाटलं, भाऊ खात्यात आहे, रामूला आधी मिळणार. अण्णांना जमलंही असतं. केबल त्यांच्याच हातातली होती. पण ते म्हणाले, यादी म्हणजे यादी, तुझा नंबर आला की स्वतः येऊन जोडतो. पुढं त्यांची बदली बंगळूरला झाली. रामूचा नंबर यायच्या आधी आई अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिचा श्वास लागला आणि गावातली फोन असलेली घरं शेतावर गेली होती, म्हणून रामू फोन करायला सायकलवरनं ओढा ओलांडून कोनगट्टीला गेला. तिथं बसस्टँडवर सगळ्यांना मिळून एकच फोन, त्याच्यापुढं रांग. निरोप पोचून अण्णा गावाला आले तेव्हा सगळं उरकलं होतं.

"बाराव्याला रामूभावजी एवढंच म्हणाले," शांताक्का म्हणाल्या, "की माझा एकतिसावा नंबर होता. त्यानंतर गप्पच. ह्यांचे शर्ट पण तेच शिवायचे हो. तवापासनं ह्यांनी दुसऱ्या कुणाला अंगाला टेप लावू दिली नाही."

अण्णा खड्ड्यातनं वर आले, चपला घातल्या आणि म्हणाले, "जोड कच्चा आहे इथला." मी चिवडा नको म्हणालो. मला ओळखणारे लोक सांगतील, ही साधी गोष्ट नव्हे.

शिरगुंडीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. रामू मागच्या सोप्यात मशीनवर बसला होता. अण्णांसारखाच, फक्त जरा आखूड केलेला. गळ्यात टेप. आम्ही आत आलो, त्यानं बघितलं, आणि पुन्हा मशीन सुरू केली. अण्णा उभे. हा माणूस रस्त्यावरच्या परक्याला बोलतं करतो, पण तिथं नुसता कागदाची घडी घालत आणि उलगडत राहिला. रामूच्या बायकोनं पाणी आणलं, ते आम्ही चवीनं आणि फार वेळ प्यालो.

शेवटी अण्णांनी ना हरकतीचा कागद मशीनच्या फळीवर ठेवला, आणि त्याच्या खाली जोडण्यांची यादी. रामूनं कागद बघितला नाही. यादी बघितली. मशीन थांबली.

मीही मान लांब केली. पहिलं नाव: रामचंद्र चौगुले. मग गावातली एकेक घरं. तीस नावं पुरली असती, पण अण्णांनी एकतीस लिहिली होती. एकतिसावं त्यांचं स्वतःचं होतं. म्हणजे यंत्र ज्यांच्या खोलीत बसणार, त्यांचीच जोडणी सगळ्यांच्या शेवटी.

रामूचं बोट पहिल्या नावापासनं खाली सरकत गेलं आणि शेवटच्या नावावर थांबलं.

"एकतिसावा नंबर तुझा?"

"होय."

"कधी यायचा तो?"

"लागेल स्वल्प वेळ," अण्णा म्हणाले. "थांबतो की मी."

रामूनं कानामागची पेन्सिल काढली, ती चालत नाही म्हटल्यावर माझ्या खिशातलं पेन मागितलं आणि सही केली. पेन मला परत दिलं, कागद अण्णांना, आणि मशीन पुन्हा सुरू. बस म्हणाला नाही, रहा म्हणाला नाही. आम्ही ओढा ओलांडून कोनगट्टीला माझ्या थोरल्या भावाकडं मुक्कामाला गेलो. तो आम्हाला बघून म्हणाला, "फोन करून यायचं की रे." त्याचं खरं होतं. त्याच्याकडं फोन आहे.

दुसऱ्या दिवशी परत येताना अण्णांनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाले, "ते पत्र आलं ते बरं झालं बघा. नाहीतर मी एकट्याच्याच सहीवर भागवणार होतो. रामूपुढं जायचा धीर नव्हता मला."

मी समोरच्या ट्रकचा नंबर पाठ करू लागलो.

"पण इंजिनेर," ते म्हणाले, "कचेरीत बाईंनी दाखवलं मला ते पत्र. निनावी पत्रात रंगीत वर्तुळ कोण काढतंय हो?"

आता हेही सांगून टाकतो. मालकीचा प्रश्न बाईंना नीट समजावा म्हणून पत्राच्या शेवटी मी एक छोटंसं वर्तुळ काढलं होतं. अर्धं निळं, अर्धं हिरवं, आणि दोन बाण. सवय, दुसरं काय. शांताक्कांनी मागनं चिवड्याचा डबा पुढं केला. या वेळी मी निमूट घेतला.

निधी शिरगुंडीला मिळाला. आमच्या ग्रुपवर गावकऱ्यांनी मला जे काही लिहिलं ते इथं छापता येणार नाही. पावसाळ्यानंतर ओढ्याच्या पलीकडं चर खणला गेला, आणि त्यातल्या पहिल्या जोडाच्या वेळी अण्णा चपला काढून आत होते असं ऐकतो. आमच्या कोनगट्टीत अजूनही एखादा व्हिडिओ बघायचा तर लोक शिरगुंडीचं वायफाय पकडायला संध्याकाळी ओढ्याच्या काठावर जाऊन बसतात. आम्ही, ज्यांचा बसस्टँड आहे ते.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. गेल्या महिन्यात आमचं वायफाय गेलं. बायको बाहेर होती, म्हणून मान खाली घालून मीच अण्णांना बोलवायला गेलो. दार उघडंच होतं. अण्णा टेबलाशी बसलेले, समोर स्टीलच्या तांब्याला टेकवून फोन ठेवलेला. फोनमध्ये रामू. तो मशीनवर काम करत होता, अण्णा शेंगा फोडत होते. दोघं बोलत नव्हते. मशीन चालायची, थांबायची, रामू दोरा तोडायचा, अण्णा एक शेंग फोडायचे. शांताक्का स्वयंपाकघरातनं हळूच म्हणाल्या, "रोज दोन तास असंच असतंय. मला तर मशीनच्या आवाजाशिवाय आता भाजी चिरता येत नाही."

मी दारात उभा राहिलो. माझ्याकडं अख्ख्या राजाजीनगरात नसेल एवढा वेग आहे. माझा भाऊ मला त्या वेगावरनं रोज सकाळी एक गुलाबाचं फूल पाठवतो, शुभ प्रभात लिहिलेलं, आणि मी त्याला सूर्यफूल पाठवतो. दोन तास गप्प बसायला मला कोणी नाही. पाहुण्यांच्या कपाचं मी एक वेळ सोडून दिलं असतं, पण हे बघून मी जेवढा जळलो तेवढा शिरगुंडीच्या फायबरवरही जळलो नव्हतो.

तेवढ्यात फोनमधली मशीन थांबली. रामूनं मान वर केली आणि अण्णांच्या शर्टाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बाही फाटलीय," तो म्हणाला.

"असू दे."

"हात वर कर."

अण्णांनी शेंगा खाली ठेवल्या आणि फोनसमोर दोन्ही हात आडवे पसरले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. तिकडं रामूनं गळ्यातली टेप काढली, पडद्यावर आडवी धरली, मग उभी धरली, डोळा बारीक केला. मग टेप परत गळ्यात टाकली.

सगळं राजाजीनगर या माणसाला अण्णा म्हणतं. ते नाव मुळात रामूनं, बोलायला शिकताना, थोरल्या भावाला दिलेलं. सव्वीस वर्षं ते फक्त त्यानंच घेतलं नव्हतं.

"अण्णा," रामू म्हणाला, "यातनं माप मिळत नाही. ये."

अण्णांनी हात खाली घेतले. फोन उचलला, उलटा केला, चार्जरची वायर काढून पुन्हा बसवली, जसं काही तिथंच काहीतरी बिघडलंय. मग मी दारात आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"इंजिनेर," ते म्हणाले, "रविवारी गाडी मोकळी आहे काय?"

मी होय म्हणालो. आमचं वायफाय राहूनच गेलं.

रविवारी पहाटे निघालो. हायवेचं काम अजून चालूच होतं, चर तर आधीपेक्षा जास्त. दरवेळी मी सवयीनं वेग कमी करायचो आणि शेजारी बघायचो. अण्णा समोर बघत बसलेले. शिरगुंडीपर्यंत ते एकदाही उतरले नाहीत.